स्पिरुलिनाचा अर्क यीस्टसाठी: गोठवून काढावा की गरम पाण्यात?

स्पिरुलिना या निळ्या-हिरव्या सूक्ष्म शेवाळाच्या अर्कावर बेकरी यीस्ट वाढवायचं ठरलं की आधी हाच प्रश्न पडतो. एम.एस्सी.च्या प्रकल्पात मी दोन्ही रीती करून पाहिल्या, म्हणून अनुभव सांगतो.

गोठवून काढलेला अर्क देखणा असतो. स्पिरुलिनाची पावडर फॉस्फेट बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) कालवून रात्रभर उणे 20 अंशांवर ठेवायची, सकाळी वितळू द्यायची, असं तीन-चार वेळा. बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात आणि सेंट्रिफ्यूज केल्यावर (वेगाने फिरवून गाळ तळाशी बसवल्यावर) वर गडद निळं पाणी येतं. हा फायकोसायनिन या स्पिरुलिनातल्या निळ्या प्रथिनाचा रंग. तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी हरखून गेलो होतो. शिवाय उष्णता लागत नसल्याने नाजूक घटक शाबूत राहतात, ही या रीतीची खरी जमेची बाजू.

घोडं अडलं ते ओडी, म्हणजे द्रवात प्रकाश किती अडतो याचा आकडा, घेताना. यीस्टची वाढ आपण 600 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजतो आणि फायकोसायनिन सर्वाधिक प्रकाश शोषतं ते 620च्या आसपास. त्यामुळे यीस्ट टाकण्याआधीच आकडा चढलेला. अर्क घातलेलं माध्यमच (यीस्ट वाढवायचा द्रव) ब्लँक, म्हणजे शून्य धरायचा नमुना, म्हणून लावलं की भागेल, असं मलाही वाटलं होतं. पण यीस्ट वाढू लागलं की माध्यम आंबट होत जातं. पीएच 4 कडे उतरला की निळा रंग फिका पडतो, काही प्रथिन साकळून गढूळपणाही येतो. सकाळचा ब्लँक संध्याकाळी उपयोगाचा राहत नाही. माझ्या एका फ्लास्कची ओडी चक्क उतरत गेली, आणि त्यातलाच थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर कळ्या फुटलेल्या पेशींची दाटी. पेशी धुऊन ओडी घेतली, तर साकळलेलं प्रथिनही त्यांच्याबरोबर तळाशी येई. शेवटी पंधरा दिवस न्यूबाउअर चेंबरवर (सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायच्या, चौकटी आखलेल्या काचेवर) एकेक पेशी मोजत बसलो.

त्यात हा अर्क ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) करता येत नाही, निळा रंग जातोच. 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचा, तर तो थोड्याच वेळात चोंदतो.

गरम पाण्याची रीत साधी. मी 100 मिली पाण्यात 5 ग्रॅम पावडर घेऊन 90 अंशांवर अर्धा तास ठेवायचो, मग गार करून सेंट्रिफ्यूज. अर्क पिवळसर तपकिरी, वास उकडलेल्या पालेभाजीसारखा. मोठी प्रथिनं बरीचशी साकळून तळाशी बसतात. वर राहतात अमिनो आम्लं, छोटे पेप्टाइड, न्यूक्लिओटाइड. मोठं प्रथिन पेशीबाहेर तोडून खाणं बेकरी यीस्टला फारसं जमत नाही, त्यामुळे त्या निळ्या रंगाचा त्याला किती उपयोग होता, याची मला शंकाच आहे. उष्णतेने काही जीवनसत्त्वं कमी होत असणार, हे मान्य. पण यीस्टच्या बहुतेक वाणांना लागणारं बायोटिन उष्णतेत चांगलं टिकतं. माझ्याकडे तरी गरम अर्काचे फ्लास्क आधी गढूळ व्हायचे, आणि तो गढूळपणा यीस्टचाच असायचा.

तुम्हाला फायकोसायनिनचाच परिणाम पाहायचा असेल, तर गोठवण्याला पर्याय नाही. मग पेशी मोजायची तयारी ठेवा. कोणताही अर्क घेतलात तरी तो वायपीडी या यीस्टच्या नेहमीच्या पोषक माध्यमात घालू नका. त्यात 1 टक्का यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आणि 2 टक्के पेप्टोन आधीच असतं, अर्काचा फरक दिसणार कुठून? मिनिमल माध्यम (फक्त अत्यावश्यक पोषक घटक असलेलं) घ्या, आणि शेजारच्या फ्लास्कमध्ये अर्काऐवजी तितकंच पाणी किंवा बफर घाला.