शाहू स्टेडियमवरची मॅच, मोबाइलवर

नोकरीमुळे पुण्यात आलो, पण मन कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतच. त्यामुळे तिथल्या फुटबॉल मॅचेस यूट्यूबवर लाइव्ह दाखवणारं एक चॅनल दोन सीझन बघतोय. नाव घेत नाही, कारण तक्रारही आहे.

आधी चांगलं सांगतो. समालोचन आपल्या भाषेत आहे, आणि पोरगा प्रत्येक खेळाडूला ओळखतो: कोण पूर्वी दिलबहार तालमीच्या संघात होता, कोण खंडोबा तालमीतून आला, सगळं. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला, तेव्हापासून आमच्या ऑफिसातली मंडळीही कधीमधी डोकावतात. तालमीच्या नावानं फुटबॉल संघ कसा, हे त्यांना समजावण्यातच हाफटाइम जातो.

आता रडगाणं. कॅमेरा एकच. पलीकडच्या गोलपोस्टजवळ गर्दी झाली की ऑफसाइड होता का नाही, देवच जाणे. रिप्ले नाही. आणि प्रक्षेपण चांगलं अर्धा मिनिट मागं! अण्णा गॅलरीतून फोन करतात, "बसला की रं!" आणि माझ्या स्क्रीनवर अजून थ्रो-इन चाललेला.

सासुरवाडी शिवाजी पेठेतली. पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण अशी मॅच असली की मेव्हणा आधीच मेसेज टाकून ठेवतो, मग पुढचे तीन दिवस कुणाची बचावफळी ढिली पडली यावरच वाद. त्या दिवशी मी फोन सायलेंटवर ठेवतो.

पाचपैकी साडेतीन. दुसरा कॅमेरा लावा, चार देतो.