रिठ्याच्या अर्काची डोळ्याची चाचणी: कॉर्निया, अंडं की पेशी?

चोपड्याचा भाचा सातपुड्यातला रिठा आणून त्याचा अर्क शाम्पूवाल्यांना विकायचं म्हणतोय. गिऱ्हाइकाची पहिलीच अट: डोळ्यांना चालतो याचा कागद आणा. रिठ्याचा फेस डोळ्यात गेला की काय होतं, हे खान्देशातल्या कुठल्याही पोराला न्हाणीतच कळतं. पण कागद तेवढ्यावर मिळत नाही.

सशाच्या डोळ्यात थेंब टाकायची ड्रेझ चाचणी 1944ची. सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचणी करायला भारतात 2014पासून बंदी आहे, तेव्हा तो रस्ता संपला.

गुरांच्या कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, चाचणी (बीकॉप) कत्तलखान्यातून आलेल्या डोळ्यांवर होते. द्रव 10 मिनिटं ठेवायचा, धुवायचा, दोन तासांनी कॉर्निया किती गढुळला आणि त्यातून चाचणीसाठी टाकलेला रंग किती झिरपला ते मोजायचं. गुण 3 किंवा कमी आले तर मालावर डोळ्यांबद्दलच्या इशाऱ्याची गरज नाही, 55च्या वर गेले तर गंभीर इजा. मधलं सगळं अधांतरी, आणि रिठा नेमका तिथेच लटकेल असं मला वाटतं. शिवाय महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी आहे. डोळे कुठून आणता, हे प्रयोगशाळेला आधी विचारा.

कोंबडीच्या डोळ्याच्या चाचणीत अर्क 10 सेकंद टाकून धुतात, मग चार तास सूज आणि गढूळपणा बघत राहतात. नवापूरला एवढ्या कोंबड्या आहेत, मग हीच स्वस्त पडेल, असं भाच्याचं गणित. पण डोळे ताजेच लागतात, म्हणून कत्तलखाना प्रयोगशाळेच्या हाताशी हवा. नवापूरचा हिशेब इथेच फसतो.

अंड्याची चाचणी (हेट-कॅम) खिशाला हलकी. नऊ दिवस उबवलेल्या अंड्याच्या पापुद्र्यावर अर्क टाकून 300 सेकंद रक्तवाहिन्या पाहायच्या. दुकानातलं अंडं चालत नाही, फलित लागतं. पाच-सहा नमुन्यांतून सौम्य निवडायला उत्तम. फक्त ह्या कागदावर मोठं गिऱ्हाईक पटेल, असं समजू नका.

मी भाच्याला चौथी सुचवली: माणसाच्या पेशींपासून वाढवलेला कॉर्नियासारखा थर. एपिओक्युलर नावाच्या नमुन्यावर द्रव 30 मिनिटं, भुकटी 6 तास ठेवतात. 60 टक्क्यांपेक्षा जास्त पेशी जगल्या तर माल इशाऱ्याविना विकता येतो. कमी जगल्या तर दाह किती, हे ती सांगत नाही; मग बीकॉप किंवा कोंबडीचा डोळा. माल जहाल असल्याची खात्री असेल तर मात्र उलट्या टोकाने, म्हणजे बीकॉप किंवा कोंबडीच्या डोळ्यापासून, सुरुवात करा, पेशींवर पैसे घालवू नका.

एक खोच वनस्पतीच्या अर्कातच आहे. जिवंत पेशी एमटीटी नावाचं पिवळं रसायन जांभळं करतात, त्यावरून मोजणी होते. रिठ्याचा तपकिरी रंग त्यात मिसळतो, आणि काही अर्क पेशींशिवायही एमटीटीला जांभळं करून टाकतात. निकाल खोटाच चांगला दिसतो. तो फरक वजा करायला वेगळे कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे नमुने, लावावे लागतात. कोटेशनमध्ये त्यांचे पैसे धरलेत का, ते भाच्याने फोनवरच विचारून घ्यावं.