दंडाला पट्टा न बांधता बीपी दाखवणारं घड्याळ, सात महिने वापरल्यावर

सात महिने झाले, चार्जिंग आणि अंघोळ सोडली तर हे घड्याळ हातातून काढलेलं नाही. मला बीपी सहा वर्षांपासून आहे, गोळी रोज चालू, पण दंडाला पट्टा बांधून बसायचा इतका कंटाळा यायचा की पंधरा पंधरा दिवस मोजायचंच राहून जायचं, म्हणून घेतलं.

घ्यायच्या आधी मला एक गोष्ट नीट कळायला हवी होती. हे दाब मोजत नाही, अंदाज काढतं. मागचा हिरवा लाइट कातडीवर पडतो, प्रत्येक ठोक्याला रक्ताची लाट आली की परत येणारा उजेड कमीजास्त होतो आणि त्या लाटेच्या आकारावरून हिशोब लावला जातो. पण नुसत्या आकारावरून १३० आहे का १५० ते कळत नाही, त्यामुळे आधी पट्ट्याच्या मशीनवर तीन रीडिंग घेऊन ते आकडे त्याला द्यायचे, यालाच कॅलिब्रेशन म्हणतात, आणि माझ्या मॉडेलला हे दर चार आठवड्यांनी परत करावं लागतं. म्हणजे पट्ट्याचं मशीन घरात लागतंच!

पहिले दोन महिने मी खूश होतो, वरच्या आकड्यात चार-पाचचाच फरक. तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी अ‍ॅम्लोडिपिन ही माझी बीपीची गोळी ५ मिलिग्रॅमची १० केली. दोन आठवड्यांत पट्ट्यावर १४८ चं १३० झालं आणि घड्याळ मात्र रोज १४४, १४५, १४३. मला वाटलं पट्ट्याचं मशीनच बिघडलं, दवाखान्यात जाऊन मोजून आलो तर तिथेही १३२. मग कॅलिब्रेशन केलं आणि घड्याळ लगेच १३१ वर आलं, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की मी जो आकडा भरतो त्याच्याच आसपास हे फिरतंय. या गोळीने रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यामुळे लाटेचा आकार आणि दाब यांचं जुनं गणित लागू राहत नाही. ज्या बदलासाठी मी ते घेतलं होतं नेमका तोच त्याला दिसला नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं.

पाचव्या महिन्यात उलटं झालं. जिना चढून आल्या आल्या घाईत कॅलिब्रेशन केलं, १५२ भरला गेला, आणि पुढे आठ-दहा दिवस घड्याळ चढेच आकडे दाखवत राहिलं, मी उगाच घाबरून. आता पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसतो, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर, आधी अर्धा तास चहा-कॉफी नाही, मगच. हाताच्या उंचीला हलकं समजू नका, मनगट हृदयापेक्षा १० सेंमी खाली गेलं तर तिथला दाब ७-८ ने वाढतोच.

रात्रीचं तर विचारू नका. झोपेत दाब साधारण १० ते २० टक्के उतरायला हवा आणि तो उतरतो का हे मला बघायचं होतं. एकदा २४ तासांचं पट्ट्याचं मशीन लावलं होतं, त्यात रात्रीची सरासरी ११३ आली, त्याच रात्री घड्याळात १२७.

नंतर वाचलं की युरोपच्या हायपरटेन्शन (उच्च रक्तदाब) सोसायटीने २०२३ मध्ये अशा बिनपट्ट्याच्या उपकरणांसाठी वेगळ्या सहा चाचण्या सुचवल्यात, त्यात हाताची स्थिती, औषधाचा परिणाम, जाग-झोप, व्यायाम हे सगळं येतं. कारण शांत बसवून घेतलेल्या साध्या चाचणीत भरलेलाच आकडा परत दाखवणारं घड्याळही पास होऊ शकतं. मी जे तीन महिने भोगलं ते तिथे मुद्देसूद लिहिलेलं होतं. घेणाऱ्याने कंपनीला हेच विचारावं, या चाचण्या केल्यात का, फक्त 'अचूक' लिहिलेलं पुरेसं नाही.

विकणार नाहीये पण. त्याच्यामुळे मोजायची सवय लागली, दोन-तीन दिवस आकडे चढे दिसले की मी पट्टा काढून बसतो, आणि डॉक्टरांना दाखवायच्या वहीत फक्त पट्ट्याचेच आकडे लिहितो. गोळी किंवा डोस बदलला की चार आठवडे थांबत नाही, दाब स्थिरावला की लगेच नवीन कॅलिब्रेशन. आणि ज्यांचे ठोके अनियमित पडतात त्यांच्यासाठी घेऊ नका, तिथे लाटच दर वेळी वेगळी येते.