कामगंध सापळा: गुलाबी बोंडअळीसाठी कितपत उपयोगी?

कपाशीवरच्या औषधांची यादी आखडत चालली आहे. ट्रायझोफॉस 2020 च्या अखेरीस बंद झाले, 2023 च्या केंद्रीय आदेशाने मिथोमिल आणि 36 टक्के मोनोक्रोटोफॉसही बाद झाले. 2017 साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने जे जीव घेतले, ते पाहता याबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नाही. मात्र उरलेली औषधे वेळ साधून वापरावी लागतात, कारण गुलाबी बोंडअळी एकदा बोंडात शिरली की वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. ही वेळ हेरण्यासाठी फनेल प्रकारचा कामगंध सापळा मी कपाशीत वापरला आहे.

वर छत्री, तिच्याखाली ल्यूर म्हणजे गंधाचे आमिष, मग नरसाळे आणि त्याला बांधलेली लांब पिशवी, एवढीच त्याची रचना. मादीच्या गंधाची नक्कल करणाऱ्या ल्यूरकडे नर पतंग येतात आणि पिशवीत अडकतात. पेरणीनंतर साधारण दीड महिन्याने, एकरी दोन सापळे, पिकाच्या शेंड्यापेक्षा फूट-दीड फूट उंच बांधावेत आणि पीक वाढेल तसे वर सरकवावेत. सलग तीन दिवस प्रत्येक सापळ्यात रोज आठ ते दहा पतंग दिसले, तर आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे जिच्यापुढे नुकसान फवारणीच्या खर्चापेक्षा जास्त होते ती, ओलांडली असे धरतात. तरीही थेट पंप पाठीवर न घेता शेतातून वीस हिरवी बोंडे तोडून, फोडून पाहावीत आणि डोमकळ्या, म्हणजे आत अळी असल्याने नीट न उमललेली फुले, मोजाव्यात. आकडा आणि बोंडे दोन्ही एकच सांगत असतील, तरच फवारणीचा खर्च करावा.

दुकानदार सांगतो तसा हा सापळा अळी 'संपवत' नाही. मादी त्यात येतच नाही, आणि शेजारच्या शिवारात फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेली जुनी कपाशी, उभी असेल तर तिथून अंडी घालायला येणाऱ्या माद्यांना दोन सापळे काय अडवणार! मावा, तुडतुडे आणि पांढरी माशी यांच्याशीही त्याचा संबंध नाही.

खरी अडचण ल्यूरची आहे. एका कृषी केंद्रातून मिळालेल्या पाकिटात हिरव्या बोंडअळीची ल्यूर निघाली, त्यामुळे पिशवीत मोठे पतंग जमले; गुलाबी बोंडअळीचा पतंग जेमतेम भाताच्या दाण्याएवढा, करडा-तपकिरी असतो. म्हणून पाकिटावर किडीचे नाव आणि मुदत दोन्ही वाचूनच पैसे द्यावेत. ल्यूर तंबाखूच्या किंवा औषधाच्या हाताने लावू नये, आणि तीन-चार आठवड्यांनी, पाकिटावर लिहिले असेल त्याप्रमाणे, बदलावी. सांगाडा दोन-तीन हंगाम टिकतो, पण पिशवीची गाठ पावसात सैल पडते आणि पतंग खालून निसटतात. ती सुतळीऐवजी रबराने बांधणे बरे.

साधन म्हणून पाचपैकी चार गुण. एक गुण कापला तो ल्यूरच्या बेभरवशाच्या पुरवठ्यासाठी, कारण ऐन सप्टेंबरात, पतंग वाढत असतानाच, ती दुकानांत संपलेली असते. सापळे घेतानाच हंगामभराच्या ल्यूर एकत्र घेऊन बंद पाकिटातच फ्रिजमध्ये ठेवाव्यात.