हाडांसाठी फिश ऑइल: सात-आठ महिने घेतल्यावर

ओमेगा-३ म्हणजे फिश ऑइलमधली कामाची चरबी, त्यावर जास्त सांगत बसत नाही. माझा डेक्सात (हाडांची घनता मोजणारा स्कॅन) टी-स्कोअर, म्हणजे घनतेचा आकडा, उणे २.७ आला (उणे २.५ पासून खाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ) आणि लेकीने लगेच ही बाटली मागवली.

पहिले काही आठवडे बांगड्याचे ढेकर. मग बाटली फ्रीजमध्ये ठेवून जेवतानाच गोळी घ्यायला लागले, तेव्हा थांबले. तेव्हा विचारलं असतं तर चार तारे दिले असते.

मे महिन्यातली बाटली उघडली तर आत एकच गोळा! उन्हात कॅप्सूल वितळून एकमेकींना चिकटलेल्या. कस्टमर केअर म्हणे, "सील तुटलंय, परत घेता येणार नाही." अरे बाबा, बाटली पांढरी, आरपार दिसत नाही. सील न तोडता आतलं कळणार कसं? शेवटपर्यंत याचं उत्तर मिळालं नाही.

त्या रागात लेबल नीट वाचलं. पुढे ठळक १००० मिग्रॅ. मागे मुंगीएवढ्या अक्षरात ईपीए १८०, डीएचए १२० (हीच ती दोन ओमेगा-३). म्हणजे कामाचा माल ३००, बाकी ७०० नुसतं माशाचं तेल! ग्रॅमभर ओमेगा-३ पोटात जायला रोज तीन-चार गोळ्या हव्यात. ६० ची बाटली पंधरा-वीस दिवसांत खलास. हा हिशोब पुढच्या बाजूला छापायला काय जातं?

डॉक्टरांना दाखवलं तर ते हसले आणि म्हणाले, याचा अभ्यास झालाय. युरोपातल्या डू-हेल्थ चाचणीत सत्तरीच्या पुढच्या २,१५७ जणांचा अभ्यास झाला. काहींना तीन वर्षं रोज १ ग्रॅम ओमेगा-३ दिलं, तरी मणक्याखेरीजची हाडं मोडण्यात ठळक फरक पडला नाही. निकाल २०२० चा. ती माणसं बरीच धडधाकट होती, माझ्यासारखी नव्हेत, हे खरं. पण म्हणून मी पैसे ओतत राहू? ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) फार वाढलेले असतील तर गोष्ट वेगळी, पण तिथेही डोस ग्रॅममध्ये, डॉक्टरांना विचारूनच.

मला आता आठवड्याला एक अ‍ॅलेन्ड्रोनेट, ही हाडांची गोळी, आहे. उपाशीपोटी, पेलाभर पाण्यासोबत, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. जेनेरिकच्या दुकानात या बाटलीपेक्षा कितीतरी स्वस्त.

शेजारीण म्हणते जवस खा. जवसातल्या ओमेगा-३ चं ईपीए शरीरात अगदी थोडंच बनतं, पण चटणी भाकरीबरोबर छान लागते, ती चालूच आहे.

दोन तारे. त्यातला एक बाटलीचा, झाकण घट्ट बसतं, मोहरीला घेतली.