पेठेतला लॉज की होस्टेलमधला बेड?

पुण्यात शनिवारवाडा, कसबा गणपती, तुळशीबाग पायी फिरायचं असेल आणि एकट्यानेच राहायचं असेल, तर होस्टेल स्वस्त पडतं, कारण पैसे फक्त बेडचे. दोघं असाल तर दोन बेडची बेरीज करून लॉजच्या खोलीशी ताडून पाहा. फरक बऱ्याचदा उरतच नाही.

होस्टेलला जाताना छोटं कुलूप न्या, लॉकरला ते क्वचितच मिळतं. आधारवर पुण्याचा पत्ता असेल तर काही ठिकाणी प्रवेश नाकारतात, त्यामुळे बुकिंगआधी फोन कराच. चेक-आउट बहुधा सकाळी दहा-अकराला. लॉजमध्ये मात्र चोवीस तासांचा हिशेब असेल, तर पहाटे स्वारगेटला उतरणाऱ्याचं भाडं वाया जात नाही. हे आधी विचारा, आणि गरम पाण्याची वेळही. अनेक लॉजमध्ये ते फक्त सकाळीच येतं. खोली रस्त्याकडची नको, मागची मागा.

पुणे स्टेशनवरून मेट्रोने जिल्हा न्यायालयाला गाडी बदला, पुढे कसबा पेठ, मग मंडई. होस्टेल कोरेगाव पार्कात असेल तर रोजची ही ये-जा धरूनच भाडं मोजा. गणेशोत्सवात पेठेत राहायचं तर ढोल-ताशांसह. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यालगत रिक्षा पोचत नाही, सामान आदल्या दिवशीच आणा.