स्लाइडवरचा घासलेला आकडा

माझ्या मावसभावाचा शस्त्र परवाना गेल्या महिन्यात मंजूर झाला आणि तो नेमका त्याच दुकानात बयाणा द्यायला निघाला, जिथे 2023 च्या मे महिन्यात मी एका जुन्या पिस्तुलावर 58,000 रुपये घालवले. त्याला मी अडवलं. पण इथे ग्वाल्हेरात परवानेवाले घरोघरी आहेत, सगळ्यांना गाठणार कसं? म्हणून लिहितोय.

आमच्याकडे आजोबांपासून बारा बोरची दुनाळी होती. पेट्रोल पंपाची रोकड बँकेत नेताना ती काय उपयोगाची, म्हणून .32 चं पिस्तूल घ्यायचं ठरवलं. सरकारी कारखान्याचं नवं बजेटबाहेर गेलं. दुकानदाराने एक जुनं विदेशी काढलं. काळंनिळं, आरशासारखं. ‘एक ही हाथ का है भाईसाहब, दस राउंड भी नहीं चले.’ मी स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, ओढून सोडली, ती खटकन पुढे गेली, आणि एवढ्यावरच मी भुललो.

1980 च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानेवाल्याला विदेशी शस्त्र आयात करता येत नाही. त्यामुळे त्याआधी आलेलीच जुनी पिस्तुलं हातोहात फिरतात. सुटे भाग मिळत नाहीत, मग कारागीर एकाची स्लाइड दुसऱ्यावर चढवतात. हे मला नंतर कळलं.

जुलैत नेमबाजीच्या रेंजवर नेलं. तिसऱ्या गोळीला रिकामी पुंगळी बाहेर पडलीच नाही, तोंडाशी उभी अडकली. पुढच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे गोळ्यांच्या पेटीत, पुन्हा तेच. दुकानदार म्हणाला, ‘चलाते-चलाते रवाँ हो जाएगा.’ मी तेही मानलं. ऐन वेळी रस्त्यात असं अडकलं असतं तर, हा विचार आजही झोप उडवतो.

आमच्या गल्लीतले एक काका फौजेत आर्मोरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारे, होते. ‘रिकामं आहे’ असं मी सांगूनही त्यांनी आधी मॅगझिन काढलं, स्लाइड मागे घेऊन चेंबर, म्हणजे नळीतली गोळी बसायची जागा, स्वतः पाहिलं, मगच पिस्तूल उघडलं. बाहेरच्या चकाकीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. नळीमागे पांढरा कागद धरून मला आत बघायला लावलं. चेंबरजवळच्या पीळदार खाचा जवळपास पुसल्या होत्या आणि पृष्ठभागावर देवीच्या व्रणांसारखे गंजाचे खड्डे. मग कंपनीच्या नावावर नख फिरवायला सांगितलं. कारखान्यात ठोकलेल्या अक्षराची कड नखाला लागते. इथे अक्षरं विरघळल्यासारखी गुळगुळीत, कारण पॉलिश पेपरने घासून वर नवं ब्लूइंग, म्हणजे काळानिळा मुलामा, चढवलेलं. दस्त्याच्या पट्ट्या काढल्या तर खाली जुना गंज तसाच.

स्वस्त पिस्तुलात आतल्या बाजूला यंत्राचे ओरखडे असतातच, काका म्हणाले, त्याने काही बिघडत नाही. बाहेर आरसा आणि आत हाताच्या कानशीचे वेडेवाकडे घाव दिसले, तर मात्र ते हत्यार कुणीतरी जुळवलेलं असतं. माझ्या पिस्तुलात नेमकं तेच होतं. मॅगझिनचे ओठ, म्हणजे गोळी धरणाऱ्या वरच्या कडा, पकडीने वाकवलेले, स्प्रिंग कापून बसवलेली. .32 ची बहुतेक पिस्तुलं ब्लोबॅक पद्धतीची. त्यांत स्लाइडला कुलूप नसतं, तिचं वजन आणि स्प्रिंग एवढ्यावरच स्फोटाचा धक्का झेलला जातो. स्प्रिंग दुबळी झाली की स्लाइड दर गोळीला फ्रेमवर, म्हणजे पिस्तुलाच्या खालच्या सांगाड्यावर, आदळते. फ्रेमच्या आत, जिथे ती आदळत होती तिथे, एक बारीक भेग वेल्डिंगने भरून कानशीने सपाट केलेली होती. काकांनी पिस्तूल खाली ठेवलं आणि म्हणाले, ‘आता हे चालवू नकोस.’

तरी सगळ्यात वाईट गोष्ट आमच्या दोघांच्याही नजरेतून सुटली. नोव्हेंबरातल्या विधानसभा निवडणुकीसाठी ऑक्टोबरात शस्त्रं जमा करायची होती. ठाण्यातल्या मुंशीने परवान्यावरचा नंबर फ्रेमवरच्या नंबरशी ताडला, तो जुळला. मग त्याने स्लाइड उजेडात तिरकी धरली. ब्लूइंगखाली एक उथळ खळगा होता. नंबर घासून काढलेला. शस्त्र कायदा 1959 च्या कलम 8 प्रमाणे शस्त्रावरची ओळखखूण पुसणं गुन्हा आहे आणि तसं शस्त्र ज्याच्याकडे सापडेल त्यानेच ती पुसली असं गृहीत धरलं जातं. नाही पुसली, हे सिद्ध करायचं काम त्याचं. म्हणजे माझं. बावन्न वर्षांचा मी, आयुष्यात ठाण्याची पायरी चढलो ती परवान्याच्या कामापुरती, आणि त्या दिवशी बाकावर बसून घामाने भिजलो.

दुकानाच्या बिलावर फक्त फ्रेमचा नंबर आणि ‘पुराना, जैसा है वैसा’ एवढंच लिहिलेलं. स्लाइडचा उल्लेखच नाही. दुकानदाराने हात वर केले. मी लेखी जबाब दिला, काकांनी स्वतः येऊन त्यांनी काय पाहिलं ते सांगितलं. पैसे परत मिळालेले नाहीत.

मावसभावाबरोबर काल मीच दुसऱ्या दुकानात गेलो. खिशात टॉर्च आणि कोरा कागद होता. फ्रेम, स्लाइड, नळी, जिथे जिथे नंबर आहे तो बिलात लिहून द्या, असं आम्ही म्हणालो. तिथल्या माणसाने निमूटपणे वही पुढे ओढली.